बीजावरची तीट

अवयवशाळेत फुप्फुसं बागेतल्या वेलीसारखी वाढत. सावित्रा मेणाचं बीज कोरायची: बोटभर नळी, टोकाला दोन फाटे. यंत्र ते बीज वाचायचं आणि दोन्ही टोकांना तेच बीज पुन्हा लावायचं, जरा लहान करून. मग त्यांच्या टोकांना, आणखी लहान. असं तेवीस वेळा. इवल्याशा फांदीतही अख्ख्या वेलीचं रूप दिसे, म्हणून तिला अनंतवेल म्हणत. पूर्वी सावित्राच्या अनंतवेली कलादालनांत टांगलेल्या असत. माणसं त्यांत डोकं घालून आत आत बघत राहत. मग डॉक्टर नसीम तांबोळींना आढळलं, की या वेलींतून वाराही सगळीकडे सारखा पोचतो.

जन्मापासून धापा टाकणाऱ्या केतकीसाठी, स्वतःच्या लेकीसाठी, सावित्राने बीज कोरलं. नवी फुप्फुसं घेऊन पोर चार महिने वासरासारखी हुंदडली. मग दम अर्ध्यावर अडू लागला.

"सावित्राबाई, हा खड्डा बीजातच आहे," पडद्यावर केतकीच्या फुप्फुसाच्या चित्रावर बोट ठेवून तांबोळी म्हणाल्या. "तुमचा हात असा चुकत नाही."

"चुकला नाही, डॉक्टर. तीट आहे ती."

"तीट?"

"वेल पुरी झाली की शेवटच्या फाट्याला मी सुई टोचते. दृष्ट लागू नये म्हणून. पण ही तर छातीत जाणार. मग लावायची कुठे? बीजालाच लावली. एकच. केसाएवढी."

"यंत्राला तीट कुठली कळायला, बाई? त्याने प्रत्येक फाट्याला लावली. ऐंशी लाखांवर."

"पण तीही लहान होत गेली असेल की!"

"झाली. ओल मात्र लहान होत नाही. रुंद नळीत खड्ड्यात थेंब साचला तर वारा बाजूने जातो. केसासारख्या नळीत तोच थेंब बूच होऊन बसतो." तांबोळींची मान खाली गेली. "आम्ही वरच्याच नळ्या तपासल्या. वेल इतकी देखणी होती, की पुढे शंकाच आली नाही."

"दुसरं बीज कोरते. आत्ता बसते."

"वाढायला अकरा महिने लागतात."

"आणि तिच्यापाशी किती आहेत?"

"आठवडा. फार तर."

पडद्यावर लेकीची छाती मोहरली होती. फांदी फांदीला काळा ठिपका, ठिपक्याआड आणखी फांदी. जन्मात सावित्राच्या हातून इतकं सुंदर काही घडलं नव्हतं.

खोलीत केतकी उशांना टेकून बसली होती. एका श्वासात तिचे दोन-तीनच शब्द मावत.

"आई, शाळेत सगळ्यांना... दाखवला मी... वेलीचा फोटो. कुणाची तरी... दृष्ट लागली गं."

तिने कपाळ पुढे केलं.

"तीट लाव ना."