फोटोला हार कुणी घातला?

शुक्रवारी दुपारी अडीच वाजता, पेंडल हिल उपनगरातल्या देशी किराणा दुकानात, हृषिकेशला एक मेलेला माणूस भेंडी निवडताना दिसला.

एकेक भेंडी शेंड्याला मोडून बघत होता! तेच टक्कल, त्याच जाड भुवया. दोन शनिवारांपूर्वी टूनगॅबीच्या एका घरात याच चेहऱ्याच्या फोटोवर चंदनाचा हार होता.

हृषिकेशने मामेबहिणीला, सुमेधाला, फोन लावला.

"सुमे, तुझा कूलिंग-ऑफ कधी संपतो?"

"आज पाचला. का रे?"

"वकिलाला सांग, माघारीचं पत्र तयार ठेवायला. मी परत फोन करतो."

कूलिंग-ऑफ म्हणजे घराचा करार मोडायची मुदत; पाचनंतर माघार नव्हती. नऊ वर्षं हॉस्पिटलात शिफ्टा करून सुमेधा भाड्याने द्यायला टूनगॅबीचं ते पहिलंच घर घेत होती. घर विकणाऱ्याला काय काय विचारायचं, याची अठरा प्रश्नांची यादी हृषिकेशनेच तिला करून दिली होती. पाणी कधी आत आलं का, विनापरवाना बांधकाम केलंय का, आणि पहिलाच प्रश्न, घर का विकताय? पण घर बघताना मागच्या खोलीत पाऊल टाकलं तर समोर टेबलावर हार घातलेला फोटो. घरमालक यतिनने फोटोकडे पाहिलं आणि मान खाली घातली. हृषिकेशने सुमेधाचं कोपर दाबलं. "राहू दे गं, आत्ता बरं दिसत नाही." यादी पर्समध्ये गेली ती गेलीच. सगळा शहाणपणा याचाच!

आता त्याला एकेक आठवू लागलं. बेसिनपाशी आठवड्याच्या गोळ्यांची डबी होती. शनिवार सकाळचा कप्पा रिकामा, पुढचे भरलेले, म्हणजे त्याच सकाळी कुणीतरी गोळ्या घेतल्या होत्या. देवघराशेजारी एका बाईंचा फोटो होता. काचेवर ताजं कुंकू, पण हार नाही. आणि टेबलावरच्या आजोबांना हार होता, तर कपाळाला गंध नव्हतं.

तो पुढे झाला.

"काका, तुम्ही यतिनचे वडील ना?"

"हो, मी पद्माकर. तू कोण रे?"

"तुमचं घर बघायला आलो होतो. तुमच्या फोटोला नमस्कारसुद्धा केला."

म्हाताऱ्याच्या हातातली पिशवी खाली आली. दोघं स्टेशनसमोरच्या बाकावर जाऊन बसले.

"घर कोण विकतंय, काका?"

"यतिन."

"मग हार त्यानेच घातला असणार."

काकांनी पिशवीचं तोंड गुंडाळलं.

"आधी मला तसंच वाटलं होतं," हृषिकेश म्हणाला. "घर खपवायला जिवंत बापाला हार घातला म्हणून मनात त्याला शिव्या घातल्या. पण काकूंच्या फोटोवर हार नव्हता. तो तिथूनच काढलेला. आईच्या फोटोवरचा हार काढायला मुलाचा हात धजत नाही. आणि हार घालणाऱ्याने गंध लावलं नाही, कारण स्वतःच्याच फोटोला गंध कसं लावणार? यतिनने मान खाली घातली, कारण तो हार त्याने आमच्याबरोबरच पहिल्यांदा पाहिला. हार तुम्ही घातलात, काका."

पद्माकर काकांनी चष्मा काढला. "बरोबर आहे."

"त्या टेबलामागे काय आहे?"

"ओल. मी मागच्या अंगणात काँक्रीट घालून घेतलं. यतिन नको नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. पाणी जायची जाळी त्याखाली गाडली गेली. जोराचा पाऊस झाला की पाणी त्या खोलीत येतं. माझ्या हट्टापायी पोराचं घर कुजलं रे! म्हटलं, हार घातलेल्या फोटोचं टेबल कुणी हलवत नाही, आणि दुःखाच्या घरात कुणी फार विचारतही नाही. घराची तपासणी करायला आलेला माणूससुद्धा सॉरी म्हणून मागे फिरला."

"यतिन काही बोलला नाही?"

"तुम्ही गेल्यावर रडला. हार काढा म्हणाला. पण तुम्हाला सांगायचं म्हणजे बापाला लबाड म्हणायचं. ते त्याच्याने झालं नाही."

हृषिकेशने शरमेने बहिणीच्या यादीचं, तिच्या न विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचं सांगितलं. आपलं माणूस म्हणून भिडेखातर आपण बहिणीचं तोंड बंद केलं, आणि काकांनी नेमका त्या भिडेचाच फायदा घेतला.

"फोन लाव," काका म्हणाले. "तिला तो पहिला प्रश्न मला विचारू दे."

हृषिकेशने दोन वाक्यांत सुमेधाला सगळं सांगितलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

"काका," ती म्हणाली, "घर का विकताय?"

"माझ्यामुळे त्यात पाणी येतं, बाळ. घेऊ नकोस. मला माफ कर."

सव्वातीनला माघारीचं पत्र गेलं. काका अजून बाकावरच होते.

"पाचला तुमची मुदत संपली की हार काढणार होतो," ते म्हणाले. "तेरा दिवस झाले, माझ्या बायकोच्या फोटोवर हार नाही."

हृषिकेशने त्यांची पिशवी उचलली. "चला काका, मी गाडीने सोडतो. तो हार आधी काकूंना घालू. मग यतिनशी आपण दोघं बोलू."