धरणाचं पाणी कोण ढवळतं?

आंबेघळीच्या धरणावरचा फलक हिरवागार होता. ‘पाण्याचे तापमान तीस अंश. पोहण्यास अनुकूल.’ मागच्या रविवारीही तो असाच हिरवा होता. तरीही केतकीचा यज्ञेशदादा तळ आणायला गेला आणि खोकत, पांढराफटक पडून, रिकाम्या हातानं वर आला. अख्खं गाव ज्याला पाणकोंबडा म्हणायचं त्याची ही गत! हे कोडं काही केतकीला सुटत नव्हतं.

तळ आणायचा म्हणजे बुडी मारून तळाचा मूठभर गाळ वर आणून दाखवायचा. आंबेघळीतल्या मोठ्या मुलांनी चैत्रात हे करायचंच, अशी रीत होती. गावात टपाल ड्रोननं येऊ लागलं, शेतं सौरयंत्रं नांगरू लागली, पण रीत तिथंच. काही गोष्टींना काळ धक्का लावत नाही, आणि त्यात शहाण्या गोष्टीच असतात असं नाही.

“खाली कुणीतरी छातीवर बुक्की मारली आणि पाय धरला,” असं यज्ञेशनं सांगितलं होतं. म्हाताऱ्यांनी लगेच आसरांचं (पाण्यात राहतात असं मानलेल्या देवतांचं) नाव घेतलं. मित्रांनी दुसरंच नाव ठेवलं, भागूबाई. आसरांपेक्षा हे नाव त्याला जास्त झोंबलं. म्हणून आज तो पुन्हा बुडी मारणार होता. मित्र त्याला घेऊन धरणाच्या मधोमध तरंगणाऱ्या तराफ्याकडे निघालेसुद्धा होते.

केतकीला दुपारी घास गिळवला नव्हता. दादा या वेळी वर आलाच नाही तर? ती धक्क्यावर धावली. तिथं शैलामावशी होडीत बसून डुबकूचा पट्टा आवळत होती. मावशी सरोवरशास्त्रज्ञ (तळ्या-धरणांच्या पाण्याचा अभ्यास करणारी) होती आणि या यंत्राच्या तपासणीसाठी सकाळीच शहरातून आली होती. डुबकू म्हणजे कळशीएवढा गोल यंत्रमानव. पाण्यात तरंगायचा, तापमान मोजायचा आणि फलकाला कळवायचा.

“मावशी, तुझा डुबकू खोटं बोलतो!” केतकी रडवेली होऊन म्हणाली आणि तिनं सगळं भडाभडा सांगितलं.

“मी खोटं बोलत नाही,” डुबकू म्हणाला. “जिथलं विचारलं, तिथलं सांगितलं.”

मावशीच्या कपाळावर आठी पडली. “डुबकू, तू किती खोलीवर मोजतोस?”

“मनगटभर. धरण समितीनं सांगितलं, आम्ही हात घालून बघतो, तेवढंच तूही बघ.”

“अगं बाई!” मावशीनं कपाळाला हात लावला. “आंघोळीचं पाणी बघावं तसं धरण बघितलं या लोकांनी! चल, बस होडीत. डुबकू, तळापर्यंत जा आणि तिथलं पाणी घेऊन तराफ्यापाशी वर ये.”

डुबकू गडप झाला. होडी तराफ्याच्या दिशेनं निघाली. होडीतल्या पडद्यावर आकडे उमटू लागले. वर तीस अंश. एक पुरुष (हात वर करून उभ्या असलेल्या माणसाची उंची) खाली तीसच. दोन पुरुष, एकोणतीस. आणि मग जरा खाली जाताच एकदम बावीस!

“बिघडला का हा?” केतकीनं विचारलं.

“नाही गं. केतकी, तू बादलीत आधी गार पाणी घेतलंस आणि वरून कढत पाणी हळूच सोडलंस, तर काय होतं?”

“आई ओरडते. म्हणते, कढत पाणी घातलंस तर ढवळ की! वर चटका बसतो आणि खाली गारच राहतं.”

“का बरं? कारण गरम पाणी हलकं असतं. त्याची घनता (ठरावीक जागेत किती वस्तुमान मावतं ते माप) कमी असते, म्हणून ते वर तरंगतं. उन्हाळ्यात ऊन फक्त वरचं पाणी तापवतं. खालचं गार पाणी जड, ते खालीच बसून राहतं. दोन्हींच्या मध्ये पातळसा थर असतो, त्यात तापमान झपकन उतरतं. त्याला म्हणायचं तापउतार थर.”

“मग हे ढवळतं कोण?”

“थंडी ढवळते! हिवाळ्यात वरचं पाणी गार होतं, जड होतं आणि खाली बुडतं. खालचं वर येतं. वारा मदत करतो. पौषात वरपासून तळापर्यंत पाणी सारखं होतं. चैत्रात मात्र ढवळायला कुणी नसतं.”

“पण बुक्की? आणि पाय?”

“पाठीवर अचानक गार तांब्या ओतला की तू काय करतेस?”

केतकीनं नकळत ‘हां’ करून श्वास आत ओढला आणि तिचे डोळे विस्फारले. खाली, पाण्यात, श्वास आत ओढला तर!

“तोच तो शीताघात (अचानक गारठ्यानं बसणारा धक्का),” मावशी हळूच म्हणाली. “गारठ्यानं स्नायू आखडले की पोटरीत गोळा येतो. पाय धरल्यासारखा वाटतो.”

तराफा जवळ आला. यज्ञेश कडेला उभा होता, हात जोडून, उडीच्या पवित्र्यात. मित्र टाळ्या पिटत होते.

“दादा, थांब!”

“घरी जा केतकी!” तो मागं न बघता ओरडला. “आता माघार घेतली तर जन्मभर तोंड दाखवता यायचं नाही.”

त्याला समजावत बसायला वेळ नव्हता. तेवढ्यात डुबकू वर आला. केतकीनं त्याच्या पोटातली भरलेली बाटली उपसली, तराफ्यावर झेप घेतली आणि तळाचं निम्मं पाणी उन्हानं तापलेल्या दादाच्या पाठीवर ओतलं.

“हां!” यज्ञेशचा श्वास आत ओढला गेला आणि तो मटकन खाली बसला. टाळ्या थांबल्या.

“हेच,” तो कुजबुजला. “खाली हेच झालं होतं. हीच बुक्की.”

“हे तळाचं पाणी आहे,” केतकी धापा टाकत म्हणाली. मग तिनं आकडे सांगितले, थर सांगितले, बादलीसुद्धा सांगितली. शेजारचा एक मित्र बाटलीत बोट घालून बघत होता. त्यानं बोट चटकन मागं घेतलं आणि तो खाली मान घालून बसला.

“फलक आता तळापर्यंतचे आकडे दाखवेल,” मावशी होडीतून म्हणाली. “आणि ही रीत पौषात न्या रे, सोबत होडी आणि मोठी माणसं ठेवून. तेव्हा वरपासूनच गार लागेल. पाण्यात हळूहळू उतरायचं, श्वास थाऱ्यावर आला की मगच बुडी. ते पाणी गार असेल, पण फसवणार नाही.”

यज्ञेशनं पाण्याकडे बघितलं. “म्हणजे मी घाबरलो नव्हतो,” तो शेवटी म्हणाला.

“नव्हतास,” केतकी म्हणाली आणि इतका वेळ आवरलेलं रडू तिला फुटलं. “मी घाबरले होते.”

यज्ञेशनं तिला जवळ घेतलं, आणि मित्रांच्या देखत, मुकाट्यानं होडीत जाऊन बसला.