मामांची हनुवटी

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मामा शटर अर्धं खाली ओढायचे आणि स्वतःची दाढी करून घ्यायचे. अख्खी गल्ली त्यांना मामाच म्हणायची. या न्हाव्याचा हात इतका हलका की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरू लागे. त्या दिवशी मात्र आरशात फेसावरून लाल ओघळ उतरताना दिसला. हनुवटी चांगलीच कापली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. बरेच दिवस ती बधिर होती. दातांच्या डॉक्टरांनी एक दाढ उपटूनही फरक शून्य.

त्यांनी तुरटी फिरवली. झोंबली नाही. आणि मग नेमकं त्या बधिर जागीच काहीतरी जाणवलं. दोन बोटं. गार, साबणाने बुळबुळीत. गळा ताणून मोकळा व्हावा म्हणून न्हावी उचलतो, तशी त्या बोटांनी हनुवटी हळूच वर उचलली. आरशात मामा एकटेच होते. मागे मात्र कुणीतरी चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजत होतं... सर्र... सर्र... तो पट्टा मामांनी केव्हाच फेकून दिला होता.

मामांच्या भीतीपेक्षा संताप मोठा निघाला. जन्मभर लोकांच्या हनुवट्या उचलल्या, आणि आज आपल्याच दुकानात आपल्यालाच कुणी गिऱ्हाईक करतं?

“कोण रे तू?” ते पुटपुटले. “माझ्या खुर्चीत... माझी दाढी... मीच करणार!”

हट्टी पोरं करतात तेच त्यांनी केलं. हनुवटी छातीवर गच्च दाबली, शटरखालून वाकून बाहेर पडले आणि अर्ध्या दाढीनिशी थेट मोठा दवाखाना गाठला.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी मामा-मामींना समोर बसवून सांगितलं. प्रोस्टेटचा कॅन्सर. तो जबड्याच्या हाडात पोचलाय, तिथली नस दबल्याने हनुवटी बधिर. लघवीचा काही त्रास नसताना तो असा उघडकीला येणं क्वचितच घडतं.

“म्हणजे बिऱ्हाड तळमजल्यावर आणि कडी वाजवतो माडीवरची?” मामा म्हणाले. मामींना रडता रडता हसू फुटलं.

“पूर्ण जाणार नाही,” बाई म्हणाल्या, “पण औषधांनी थोपवून धरू.”

“थोपवा. मीही बघतोच त्याच्याकडे.”

मामांना दाखल करून घेतलं, पहिलं इंजेक्शन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामी वॉर्डात आल्या आणि खाटेशीच थबकल्या.

“अहो... तुमच्या गळ्याला फेस कुणी लावला?”

मामांनी बोट लावून पाहिलं. कोमट, दाट, सराईत हाताने घोटलेला. मामी भेदरून टॉवेल उचलायला गेल्या, तर मामांनी त्यांचं मनगट धरलं.

“पुसू नकोस. वाळू दे. वाळक्या फेसावर वस्तरा चालत नाही. त्याला परत पाणी आणावं लागेल, परत फेस घोटावा लागेल...”

हनुवटी छातीवर दाबून ते बसून राहिले. हळूहळू फेसाच्या कडा वाळून पांढऱ्या पडल्या. तेवढ्यात खाटेखाली कुणीतरी वाटीत पाणी ओतल्याचा आवाज आला.

“ओत बाबा, ओत,” मामा म्हणाले. “मला घाई नाही.”