तड्यातली बांगडी

जीप संध्याकाळी येणार होती, आणि तिच्यातून मनिषाला दिंद्रुडला, माहेरी, कायमचे नेऊन सोडायचे असे भावकीने ठरवले होते. हे सांगताना तिचा नवरा शहादेव आपले तळवे गुडघ्यांवर पुन्हा पुन्हा पुसत होता.

धनश्री डोईफोडे हिने त्याला पाण्याचा तांब्या दिला. मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून तिने माजलगावात खासगी तपासाचे कार्यालय थाटले होते. छायाचित्रे काढणे आणि मोटारसायकल चालवणे ही कामे सोमेश्वरकडे होती. तर्क तेवढा त्याच्या नेहमी उशिरा ध्यानात यायचा.

शहादेवचे घर सिरसाळ्याच्या अलीकडे. मागल्याच्या मागल्या हिवाळ्यात सारे कुटुंब ऊसतोडीला गेले असताना राधाकिशन मिस्त्रीने पाया घातला आणि भिंतीही चढवल्या. पहिल्याच उन्हाळ्यात मागच्या खोलीला तडा गेला. मनिषा लग्न होऊन आली तीही त्याच उन्हाळ्यात. दिवाळीनंतर सगळे, मनिषासह, कारखान्यावर गेले. गुढीपाडव्याला परतून कुलूप काढले, त्याच सकाळी मिस्त्री तडा बघायला आला. त्याने आत तार घातली आणि काळ्या चिंधीची बाहुली बाहेर ओढली. तिला टाचण्या टोचलेल्या होत्या. गळ्यात मनिषाची हिरवी काचेची बांगडी होती.

"भानामती म्हणत्यात," शहादेव म्हणाला. "पोळ्याच्या दिवशी तिला तड्यात कायतरी खुपसताना मिस्त्रीनं डोळ्यानं बघितलं म्हणं."

"तुम्हाला पटलं?"

"पटलं असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो, ताई?"

सोमेश्वरचा भानामतीवर विश्वास नव्हता. पण ती नसते याची खात्रीही त्याला कधी झाली नव्हती. त्याने मोटारसायकल सिरसाळ्याच्या रस्त्याला लावली.

अंगणात उतरताच त्याची टाच भेगेत अडकली. सारे अंगण काळेभोर, कोरडे, आणि मनगट जाईल एवढ्या भेगांनी फुटलेले होते. पायाच्या खोदाईतून निघालेली सगळी माती इथेच पसरली, असे सासू सावित्रीबाईने सांगितले. धनश्रीने दोन-तीन ढेकळे फोडून पाहिली आणि हात झटकले.

मागच्या खोलीतला तडा छताशी बोटभर रुंद होता आणि विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी खाली निमुळता होत गेला होता. दोन्ही कडांना चुना ताजा फुटलेला दिसत होता.

"दिवाळीला मीच मारला चुना," शहादेव म्हणाला. "तवा तडा दिसतबी नव्हता. वाटलं, गेली कटकट."

धनश्री दाराकडे वळली. दाराच्या कडेला रंधा मारल्याच्या खुणा होत्या.

"पावसाळ्यात लागतच न्हाई ते, मग तासलं," सावित्रीबाई म्हणाली. "आता बघा, फटीतून मांजर येतंय. घरालाच ही सून नको हाय, दुसरं काय."

बाहुली वर्तमानपत्रात गुंडाळून कोपऱ्यात ठेवली होती. तिला कोणी शिवत नव्हते. सोमेश्वरने लांबूनच छायाचित्र घेतले, तेही हललेले आले. धनश्रीने मात्र बांगडी सोडवून घेतली, उजेडात फिरवली आणि नखाने टिचकी मारून तिचा आवाज ऐकला.

"अखंड आहे," ती म्हणाली.

बांगडी अखंड असली काय अन् फुटकी असली काय, फरक तो काय पडणार, हे सोमेश्वरला उमगेना. उन्हे मात्र उतरू लागली होती.

मनिषा चुलीपाशी बसली होती. शेजारी बांधलेले गाठोडे होते. लग्नातल्या बांगड्या कारखान्यावर जाताना उतरवून कोनाड्यात ठेवल्या होत्या, एवढेच ती बोलली. "कोयत्याच्या कामात काच टिकत न्हाई."

चुलत सासू ताराबाई शेजारीच राहत होती. घराची चावी हिवाळाभर तिच्याकडे होती. कोणाकोणाला दिली, या प्रश्नावर ती दुखावली. कोणालाच नाही, ती म्हणाली. मग तिला आठवले. "मिस्त्री काय परका हाय? तडा लिंपतो म्हणून संक्रांतीला नेलती एकदा. लगीच आणून दिली."

तिच्या परसात संडासाचा खड्डा खणणे चालले होते. धनश्री त्यात वाकून बराच वेळ पाहत राहिली. छातीइतक्या खोलीपर्यंत काळी माती होती, आणि त्याखाली पिवळा मुरूम.

राधाकिशन आला तो इस्त्रीच्या कपड्यांत. पाया मुरमापर्यंत नेला आहे, त्याने न विचारताच सांगितले. "पाया माझा, ताई. भानामती त्येंची."

"पावसाळ्यात कामं कुठं असतात तुमची?"

"पावसात कुठलं बांधकाम? शेतात असतो. पोळ्याला बैलं घेऊन मागून चाललो व्हतो, तवा खिडकीतून दिसली. तड्यात हात घालून उभी."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. सावित्रीबाईने गाठोडे उचलून अंगणात नेऊन ठेवले.

"थोडं थांबा," धनश्री म्हणाली आणि सगळ्यांना खोलीत बोलावले.

"काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावर टेकलेला पाया तिच्याबरोबर वर-खाली होतो. उन्हाळ्यात हा कोपरा खचतो, तडा उघडतो आणि दाराला फट पडते. पावसाळ्यात कोपरा उचलला जातो, दार अडकतं आणि तडा मिटतो. तो दिवाळीतही मिटलेलाच होता. नुसत्या चुन्यानं झाकला गेला."

तिने बांगडी तळहातावर ठेवली.

"पोळ्याला या तड्यात ब्लेडसुद्धा गेलं नसतं, मग हात कुठला. आणि बाहुली तडा मिटण्याआधीच आत असती, तर भिंतीनं मिटताना या काचेचा चुरा केला असता. म्हणजे ती दिवाळीनंतर, तडा पुन्हा उघडल्यावर ठेवली गेली. तेव्हा मनिषा कारखान्यावर होती. परतल्यावर कुलूप निघालं आणि बाहुलीही लगेच निघाली. मधल्या काळात हे घर एकदाच उघडलं."

सोमेश्वरने ताराबाईकडे पाहिले. ताराबाई मिस्त्रीकडे पाहत होती.

"मी कशाला करीन असलं?" राधाकिशन म्हणाला.

"पाया मुरमापर्यंत गेला असता, तर पायाच्या मातीत मुरूम आला असता. या अंगणात त्याचा खडाही नाही. मालक ऊसतोडीला गेलेले, पाया किती खोल गेला हे पाहायला गावात कोणीच नव्हतं. तडा भानामतीचा ठरला, की पायाचा जाब कोणी विचारणार नव्हतं. चूक एवढीच झाली, की तुम्ही तडे उन्हाळ्यात पाहता, पावसाळ्यात काम बंद ठेवता. ते पावसाळ्यात मिटतात हे तुमच्या कधी नजरेलाच पडलं नाही."

शहादेव बाहेर गेला. कोपऱ्यात कुदळीचा पहिला घाव पडला, मग दुसरा.

"राहू दे, शहादेव," राधाकिशन खाली बसत म्हणाला. "दोन फुटावरच थांबलोय."

तक्रार पोलिसांत नोंदवायची असे ठरले. छायाचित्रे सोमेश्वरकडे होतीच. घर पाडावे लागेल का, असे शहादेवने भीतभीतच विचारले. त्याची गरज नाही, धनश्री म्हणाली. पायाखाली एकेक तुकडा सोडून मुरमापर्यंत खणायचे, काँक्रीट भरायचे, ते घट्ट झाले की उरलेले तुकडे घ्यायचे. घराभोवती बाहेर उताराची फरसबंदी करायची, म्हणजे पावसाचे आणि न्हाणीचे पाणी भिंतीशी मुरणार नाही. तडा सर्वांत शेवटी बुजवायचा.

सावित्रीबाईने बांगडी उचलली. मनिषाचा हात धरून ती तिच्या मनगटात सारू लागली.

मनिषाने हात सोडवून घेतला. अंगणातले गाठोडे उचलून ती स्वतःच जीपमध्ये बसली.

"तुमच्यापाशीच असू द्या, आत्याबाई," ती म्हणाली. "पाया मुरमाला टेकला की सांगावा धाडा. बघून मग घालीन."