शेवटच्या भागातला आवाज

टेपरेकॉर्डरची दोन्ही रिळं गरगर फिरत होती, आणि त्यातून काहीही ऐकू येत नव्हतं.

इंग्लंडमधल्या मोरकॅमच्या किनाऱ्यावर म्युरिएल हेस्केथचं लॉज आहे. त्याच्या मागच्या बैठकीत सहा माणसं श्वास रोखून बसली होती. तीस वर्षांपूर्वी अशाच एका शनिवारी संध्याकाळी 'काळोखाची चौकी' या अंतराळातल्या मालिकेचा शेवटचा भाग टीव्हीवर लागला होता. तो लागला एकदाच. नंतर कंपनीने टेप पुसून तिच्यावर दुसरंच काहीतरी भरलं. त्या भागाची जगात उरलेली एकमेव खूण म्हणजे तेव्हा शाळकरी असलेल्या म्युरिएलने टीव्हीसमोर माइक धरून उतरवून घेतलेला आवाज.

म्युरिएल मशीनला जवळजवळ कान चिकटवून बसली होती. चेहऱ्यावर हसू होतं.

"सुरू झालं का गं?" तिने विचारलं. "मला नाही येत ऐकू."

सगळे मशीनकडे आणि मग तिच्याकडे बघू लागले. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, कान झपाट्याने चाललेत, पुढच्या नाताळपर्यंत दाराची घंटासुद्धा ऐकू येणार नाही. म्हणून तर इतकी वर्षं जपलेली टेप तिने आज बाहेर काढली होती.

"इतके गेले माझे कान?" ती म्हणाली, आणि हसू मावळलं.

जॉइस एंटविसलला ते बघवेना. ती उठली, म्युरिएलचा हात धरला आणि ओरडली, "तुझे कान ठीक आहेत गं! टेपच कोरी आहे!"

मग एकच गलका झाला.

"डेनिस, कुठलं बटण दाबलंस तू?"

"मी? मी फक्त सुरूचं दाबलं! सगळ्यांच्या देखत!" डेनिस ऑगडनचा चेहरा पांढराफटक पडला. टीव्ही दुरुस्तीचं दुकान त्याचं, आणि मशीनही त्यानेच आणलेलं.

दरवर्षी इथे जमणाऱ्या मालिकेच्या चाहत्यांच्या मंडळाचे अध्यक्ष गॉर्डन व्हाइटसाइड उठून उभे राहिले. हे शाळेत इतिहास शिकवत आणि घरीही शिकवायचे थांबत नसत. "तीस वर्षं आपण त्या कंपनीच्या नावाने बोटं मोडली. आमचं बालपण पुसलं म्हणून! आणि आज आपल्याच माणसांत हे घडावं?" त्यांचा आवाज खरोखर कापत होता.

कोपऱ्यात एक बाई कोळंबी लावलेला टोस्ट खात होती. तिने उरलेला तुकडा तोंडात टाकला, बोटं पुसली आणि म्हणाली, "मशीन बंद करा. कोणी कशाला हात लावू नका."

ही बर्निस थ्रेलफॉल. लँकेस्टरला खाजगी तपासाचं काम करते. मालिकेतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. तिच्या बहिणीचा नवरा सिरिल मंडळाचा सभासद, त्याने चांगल्या जेवणाचं आमिष दाखवून तिला ओढून आणलं होतं.

तिने म्युरिएलला स्वयंपाकघरात नेलं, समोर बसवलं आणि सावकाश, खणखणीत आवाजात विचारलं, "त्या टेपमध्ये मालिकेशिवाय आणखी काय होतं?"

म्युरिएलने तिच्याकडे बघितलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"मालिका हुकली म्हणून कोणाचा चेहरा असा होत नाही."

म्युरिएलने फळीवरचा फोटो काढून पुढे केला. दहा-अकरा वर्षांचा मुलगा, पुढचा दात पडलेला, काखेत पिंजरा आणि पिंजऱ्यात इटुकला पोपट.

"केनी. माझा भाऊ. रेकॉर्डिंग केलं त्या हिवाळ्यातच गेला. त्याला ताकीद होती, अर्धा तास हूं की चूं करायचं नाही. बिचारा दोन्ही हातांनी तोंड दाबून बसलेला. आईने घड्याळ थांबवलं, पिंजऱ्यावर कापड टाकलं आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. बाबा रेल्वेत होते, कामावरून येताना कोपऱ्यापासून शीळ घालत यायचे. ती घालू नका म्हणून सांगायला गेली."

"पिंजरा दुसऱ्या खोलीत नाही ठेवला?"

"केनी ठेवू देईल तर ना! ॲडमिरलला थंडी वाजेल म्हणे. मेला पोपट भारी नकल्या होता. आईचं खोकणंसुद्धा उचललं होतं त्याने."

"आणि केनी गप्प राहिला?"

"अगदी शेवटी काहीतरी बोलला. काय ते आठवत नाही." म्युरिएलचे डोळे भरून आले. "तो गेल्यावर आम्ही एकदाच टेप लावली. त्याचा आवाज आला आणि आई किंचाळत बाहेर पळाली. मशीन बंद करायच्या धांदलीत टेप तुटली. बाबांनी जखमेची चिकटपट्टी लावून ती जोडली आणि कपाटात ठेवली. पुन्हा लावायची छाती झाली नाही. त्याचा आवाज कसा होता तेही मी विसरलेय हो. कान जायच्या आत एकदा ऐकायचा होता. बस्स, एकदा."

बर्निसने तिच्या हातावर हात ठेवला. "टेप आहे हे कोणाकोणाला ठाऊक होतं?"

"गेल्या वर्षी इथेच सगळ्यांना सांगितलं, पहिल्यांदाच. सिरिल घरी जातो, पण जॉइस, डेनिस, गॉर्डन तिघंही रात्री इथेच राहतात ना. तिघांनीही ऐकू दे म्हणून गळ घातली. मी नाही म्हटलं. आज मात्र आल्याआल्या सांगितलं, चहा झाला की लावू या, आणि टेपचं कपाट आहे त्या खोलीला कुलूप घातलं."

बर्निस बैठकीत परतली. तिने टेप एका रिळावरून दुसऱ्यावर हाताने गुंडाळून बघितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सिरिल शेजारी उभा राहून जांभया देत होता.

"काय शोधतेयस?"

"नसलेली गोष्ट. चल, एकेकाला बोलाव."

रात्री राहिलेल्या तिघांसाठी तिचा एकच प्रश्न होता. शेवटचा भाग लहानपणी बघितलात, त्याचा शेवट कसा होता?

सिरिलने कपाळावर हात मारला. "अगं, टेप कोणी पुसली ते विचार! तू गप्पा काय मारत बसलीस?"

"तुला काही विचारलं का मी?" बर्निस म्हणाली. "बस तिथे."

पहिली आली जॉइस. मालिकेतल्या राक्षसांचे मंडळाला लागणारे सगळे पोशाख हीच शिवायची. प्रश्न ऐकून तिचे डोळे चमकले. "अहो, चौकीचा दरवाजा उघडतो आणि बाहेर समुद्र! लालभडक! हवा नाही, झाड नाही, माणूस नाही, नुसता लाल समुद्र. आठवडाभर मी आईच्या कुशीत झोपले."

"आणि आवाज?"

"आवाज नाही आठवत. तो लाल रंग तेवढा आठवतो."

ती जाताच सिरिल उसळला. "पकडली! तेव्हा टीव्ही काळा-पांढरा होता! लाल कुठून दिसेल? खोटं बोलतेय ती."

"कमांडरचा गणवेश कुठल्या रंगाचा होता रे?"

"निळा."

"काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर?"

"मालिकेच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर निळाच आहे," सिरिल म्हणाला, आणि मग सावकाश, "आणि समुद्र लाल."

डेनिस आला तो हात चोळत. "खरं सांगू? मी बघितलंच नाही. सोफ्यामागे लपलो होतो, डोळे गच्च मिटून. नुसतं ऐकलं. पण कोणाला सांगू नका, मंडळात लाज जाईल."

"काय ऐकलंत?"

"दरवाजा उघडल्याची घरघर. आणि मग काहीच नाही. इतकं सामसूम की मला वाटलं टीव्ही बिघडला. म्हणून डोकं वर काढलं तर नावं सुरू झालेली."

शेवटी गॉर्डन. ते खुर्चीत रेलून बसले, डोळे मिटले आणि सुरू झाले. "माझ्या डोळ्यांसमोर जसंच्या तसं आहे. दरवाजा उघडतो. मेलेला ग्रह. शांतता. आणि त्या शांततेत, मिस थ्रेलफॉल, एक शीळ! जिथे हवासुद्धा नाही तिथे शीळ घालणार कोण? लेखकाने उत्तर दिलेलं नाही. आमच्या मासिकात मी त्या शिळेवर मोठा लेख लिहिलाय या उन्हाळ्यात. आमच्यातल्या कोणाच्या लक्षात ते आलं नव्हतं."

"तुम्ही किती वर्षांचे होतात तेव्हा?"

"सात. पण माझी स्मरणशक्ती पहिल्यापासून दांडगी."

"दिसतेय खरी," बर्निस म्हणाली.

तिने सगळ्यांना पुन्हा बैठकीत जमवलं. म्युरिएलला मशीनजवळच्या खुर्चीत बसवलं.

"गॉर्डन, ती शीळ घालून दाखवता? अशी मोठ्याने, की म्युरिएललाही ऐकू जाईल."

गॉर्डनना कौतुकाची भूक होतीच. ते उभे राहिले, ओठ गोल केले आणि शीळ घातली. खाली उतरणारी लांबलचक तान, मग पटकन एक गिरकी.

म्युरिएल ताडकन उठली. ती दाराकडे वळली होती.

"बाबा?" ती म्हणाली.

गॉर्डन तसेच उभे राहिले, ओठ अजून गोलच.

"आता मी सांगते," बर्निस म्हणाली. "मशीनवरची टेप पुसलेली नाही. ती दुसरीच आहे. म्युरिएलची टेप तुटली होती आणि तिला चिकटपट्टीचा जोड होता. मी ही पूर्ण तपासली, जोड कुठेच नाही. म्हणजे डेनिसच्या बटणाने काही झालं नाही. आज खोलीला कुलूप होतं, त्यामुळे अदलाबदल झाली असणार ती गेल्या वर्षी, तुम्ही तिघं इथे राहिलात तेव्हा. बारा महिने चोराच्या हाती ती टेप होती. मालिकेचं एवढं वेड असलेला माणूस ती ऐकल्याशिवाय राहील? पुन्हा पुन्हा ऐकणारच. आणि इतकं ऐकल्यावर लहानपणी काय बघितलं आणि आत्ता काय ऐकलं, याची त्याच्या डोक्यात सरमिसळ होणार. म्हणून मी सगळ्यांना आठवणी विचारल्या. जॉइसला पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचा लाल रंग आठवतो, तसं सगळ्यांचंच होतं. डेनिसने नुसतं ऐकलं, आणि त्याला शेवटी सामसूम आठवते. शीळ आठवते फक्त गॉर्डनना. कारण ती मालिकेत नव्हतीच. ती म्युरिएलच्या वडिलांची शीळ."

"पण वडील तर घरी नव्हते ना?" सिरिलने विचारलं.

"पोपट होता. कापडाखाली."

म्युरिएल तोंडावर हात ठेवून ऐकत होती. "ॲडमिरल," ती पुटपुटली. "रोज त्या वेळेला बाबांच्या आधी तोच शीळ घालायचा."

गॉर्डन मटकन खुर्चीत बसले. आवाज पार खोल गेला होता. "मी परत आणली होती. शपथ! आज गुपचूप कपाटात ठेवणार होतो. पण आल्याआल्या तू म्हणालीस, चहा झाला की लावू या, आणि खोलीला कुलूप घातलंस..."

"मग आण की!" जॉइस कडाडली. "बघतोयस काय?"

त्यांनी मान वर केली नाही. "ती आता तशी नाही. मी ती साफ केली. मध्येमध्ये एक पोरगा हसत होता, कुजबुजत होता. सगळ्या प्रसंगाचा विचका होत होता. मी ब्लेडने तेवढे तुकडे कापले आणि टेप पुन्हा जोडली."

म्युरिएलला नीट ऐकू गेलं नव्हतं. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. "काय कापलं? काय म्हणाला तो?"

ते तिला कोण सांगणार? डेनिस खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. जॉइसच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"गॉर्डन," बर्निस म्हणाली, "त्या कंपनीने पुसलं ते निदान अनोळखी माणसांचं. तुम्ही या घरात बारा वर्षं जेवताय. पोपटाची शीळ कला म्हणून ठेवलीत आणि पोराला कचरा म्हणून कापलंत. ते तुकडे कुठे आहेत?"

"टाकून..."

"खोटं बोलू नका. सिरिल मला सांगतो, मंडळाच्या पहिल्या सभेतल्या कागदी पेल्यापासून तुम्ही काही फेकलेलं नाही. कुठे आहेत?"

"गाडीच्या डिकीत," ते म्हणाले. "टेपबरोबर. तंबाखूच्या डबीत."

सिरिल धावत गेला, आणि इतक्या चपळाईने आयुष्यात पहिल्यांदाच. डबीत टेपचे वळलेले तुकडे होते, काही वीतभर, काही बोटभर. डेनिसने ते टेबलावर ठेवले, एकेक सरळ केला आणि एकापुढे एक जोडत गेला. गॉर्डनना कोणी जा म्हटलं नाही की बस म्हटलं नाही. ते दारात कोट हातात घेऊन उभे राहिले.

डेनिसने आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. म्युरिएलने मशीनच्या जाळीवर गाल टेकवला.

आधी खरखर. मग दाबलेलं हसू, नाकातून सुटलेलं. मग काहीतरी कुजबूज, अर्ध्यातच तुटलेली. मग पुन्हा खरखर, आणि जॉइसने म्युरिएलचा खांदा घट्ट धरला.

आणि मग एक पोरगा बोलला. अगदी जवळून, इतका वेळ रोखलेला श्वास सोडत.

"म्युरिएल, संपलं का गं? आता बोलू?"

टेपचं टोक सुटलं आणि रिळावर फटफट आपटू लागलं. डेनिसने मशीन बंद केलं नाही.

म्युरिएलने डोळे मिटले होते. गाल तसाच जाळीवर होता.

"बोल रे राजा," ती म्हणाली. "आता बोल."