फुटामागं एक सूत

सोमवारी शिरोलीतले कारखाने बंद असतात. एप्रिलातल्या त्या सोमवारी जेवण उरकून प्रभुलिंग राजारामपुरीला जायला सायकल काढत होता, तेव्हा त्याची आई मल्लव्वा दारापर्यंत आली. "नुसती तार वाजलेली नको मला," ती म्हणाली. "राजूचा आवाज आण." गुरुवारी राजशेखरला जाऊन वर्ष होणार होतं.

काम तसं साधंच होतं. राजशेखर हा प्रभुलिंगचा धाकटा भाऊ. अमरसिंहच्या ऑर्केस्ट्रात तो गिटार वाजवायचा. काविळीनं अंथरुणाला खिळायच्या आठवडाभर आधी त्यानं चार मिनिटांची एक धून वाजवून ठेवली होती, पण गिटारची वायर थेट कॉम्प्युटरला लावून. आवाज मागनं चढवू, असं म्हणाला होता. त्या कोरड्या तारेला आता अंग द्यायचं होतं. अमरसिंहकडं त्यासाठी नवा प्रोग्रॅम आला होता. पडद्यावरच अँप्लिफायर निवडायचा, स्पीकरचा बॉक्स निवडायचा, तो कसल्या खोलीत ठेवलाय ते सांगायचं, की तार तशी बोलायची. फक्त राजशेखरचा आवाज कोणता, हे ओळखणारा कान हवा होता.

राजशेखरचा खरा बॉक्स असता तर एवढा खटाटोप पडला नसता. पण तो गेल्यावर अकराव्या दिवशी मल्लव्वानं खाट, कपडे आणि बॉक्स, सगळं घराबाहेर काढलं. बॉक्स गडमुडशिंगीच्या कुणीतरी नेला आणि पावसाळ्यात चुलीत घातला.

तो बॉक्स प्रभुलिंगनंच केला होता. तो फौंड्रीत पॅटर्न मेकर. ज्यांच्यावरून वाळूचे साचे घेतात ते लाकडी नमुने करायचा. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्नच्या कामाची पोलादी पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठा. लोखंड कोमट आहे तोवर आकसणं संपलं म्हणू नये, असं त्याला उस्तादानं शिकवलं होतं. वीस वर्षं ती पट्टी खिशात बाळगून प्रभुलिंगला दुसरी पट्टी आठवेनाशी झाली होती. भावाचा बॉक्सही त्यानं तिच्यावरच मापला. कार्यक्रमाच्या दिवशी बॉक्स जीपच्या दोन सीटांमध्ये बसेना, तेव्हा राजशेखर सगळ्यांसमोर म्हणाला होता, "ऱ्हाऊ दे अण्णा, थंड झाल्यावर बसंल की."

अमरसिंहची खोली एका गोडाऊनच्या मागच्या अंगाला होती. खिडक्या विटांनी बुजवलेल्या, भिंतींना जुन्या वाकळा ठोकलेल्या. दार लागलं आणि ऊन, रिक्षा, शेजारच्या गिरणीची घरघर, सगळं एकदम तुटलं. आत शिळ्या कापसाचा वास होता. आपलाच श्वास दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा ऐकू येत होता.

अमरसिंहनं एकामागून एक बॉक्स लावून पाहिले. प्रभुलिंग बसला, उठला, दारापर्यंत गेला, परत आला. मान हलवत राहिला. अमरसिंह वैतागून म्हणाला, की अण्णा, तुम्ही पोरगी बघायला आल्यासारखं करताय, एकात तरी होय म्हणा. मग प्रभुलिंगनं विचारलं, यात आपली मापं घालता येतात का. येत होती. त्यानं बॉक्सची लांबी, रुंदी, खोली तोंडपाठ सांगितली. आवाज जवळ आला, पण अंगावर आला नाही. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं.

"फुटामागं एक सूत वाढव."

अमरसिंहनं वाढवलं, आणि त्याचा हात माउसवरच थांबला. तो राजशेखरचाच बॉक्स होता. तोच जाडसर, जरासा बसका आवाज.

"हाच न्हवं?" अमरसिंह हळू आवाजात म्हणाला. "बास आता. हेच घेऊन जाऊ तुमच्या आईकडं."

तिथं थांबायला हवं होतं. पण प्रभुलिंगला चैन पडेना. बॉक्स सापडला होता, वाजवणारा मात्र कुठंतरी लांब बसला होता. माउस आपल्याकडं घेऊन त्यानं खोलीची मापं कमी करायला सुरुवात केली. डोळे मिटून तो ऐकत होता आणि हात आपोआप चालत होता. अजून लहान... अजून. भिंती सरकत आल्या तसा भाऊ जवळ आला. तारेवरून बोट घसरल्याचा आवाज आला. मग नाकातून सोडलेला श्वास... आणि वाकळांच्या वासाखाली ओल्या मातीचा आणि विभूतीचा वास.

धून संपली. शेवटची तार विझत गेली. मग बोटाच्या पेरानं लाकडावर दोन ठोके पडले.

राजशेखरची ती सवय होती. वाजवून झालं की बॉक्सवर दोन ठोके, म्हणजे झालं.

अमरसिंहनं मूळ रेकॉर्डिंग लावलं. त्यात शेवटी काहीच नव्हतं. त्यानं दोनदा ऐकलं.

"अण्णा... त्या दिवशी हितं बॉक्सच नव्हता. ठोके कशावर मारले त्यानं?"

प्रभुलिंग पडद्यावरचे आकडे बघत होता. छत्तीस इंच तीन सूत. छत्तीस इंच तीन सूत. साठ इंच पाच सूत.

ही मापं त्यानं आयुष्यात एकदाच दिली होती. त्यांच्या समाजात माणसाला विभूती लावून, बसवून पुरतात. समाधीच्या खड्ड्यात देह बसवायला कोनाडा केवढा घ्यायचा, असं खणणाऱ्यानं विचारलं, तेव्हा प्रभुलिंगनं सवयीनं खिशातली पट्टी काढून दिली होती. तीन फूट, तीन फूट, उंची पाच. त्या संध्याकाळी आंघोळ करताना चूक त्याच्या लक्षात आली, आणि भावाला तेवढीच हालायला जागा राहिली, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं.

अमरसिंहला तो एवढंच म्हणाला, की आहे तसंच ठेव, गुरुवारी बघू.

मल्लव्वानं त्या रात्री विचारलं, मिळाला का आवाज. मिळाला, असं तो म्हणाला. ती शांत झोपली. तो रात्रभर उठत-बसत राहिला.

बुधवारी दुपारी तो पॅटर्न शॉपमध्ये असताना अमरसिंहचा फोन आला. त्यानं इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"अण्णा, तुमी येऊन आकडे बदललाय काय?"

"न्हाय."

"छत्तीस, छत्तीस, साठ दाखवतंय. वरची सुतं गेली." पलीकडं माउस टिकटिकला. "आन् ठोके... दोन होते न्हवं? आता थांबतच न्हाईत."

प्रभुलिंगनं फोन ठेवला. बाकीचे कामगार जेवायला गेले होते. कापलेल्या सागाचा वास होता, आणि पंखा बंद होता. त्यानं खिशातली घडीची दोनफुटी पट्टी उलगडून बाकावर ठेवली. शेजारी ऑफिसातला साधा टेप ताणून धरला, शून्याला शून्य लावून. दुसऱ्या टोकाला दोन सुतांचा फरक दिसायला हवा होता. वीस वर्षं दिसत होता.

दोन्ही टोकं एका रेषेत होती.

गुरुवारी सकाळी आईसमोर ते लावायचं होतं. हे खोटं ठरावं म्हणून त्यानं पट्टी उचलली, उलटी करून परत लावून बघायला. मग तशीच हातात धरून उभा राहिला.

खिशातून काढून बराच वेळ झाला होता. पट्टी अजून कोमट होती, साच्यातून नुकत्याच काढलेल्या लोखंडासारखी.