तीन माउस आणि तीन ऑक्टोबर

"माझं जेवण होईपर्यंत! तोवर माउस चालला तर ठीक, नाहीतर हा कॉम्प्युटर आज गाडीत आणि उद्या भंगारात!" असं जाहीर करून कौस्तुभकाका हात धुवायला गेला.

ज्ञानदा आणि तिचा धाकटा भाऊ अमोघ एकमेकांकडे बघतच राहिले. दिवाळीच्या सुट्टीचा तो दुसराच दिवस. २००३ साल. दोघं सूसहून भरे गावी आजोबांकडे आले होते.

आजोबा, म्हणजे दादासाहेब, पूर्वी बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी परदेशातून हा घरगुती कॉम्प्युटर आणला, तेव्हा अर्धं गाव तो बघायला लोटलं होतं. पण त्यात खऱ्या रमल्या त्या घरी स्वयंपाक करणाऱ्या तानुबाई. कधी पेन्सिल न धरलेल्या तानुबाईंनी माउस धरून ताम्हिणीतलं आपलं माहेरचं घर काढलं होतं! पुढे एका पावसाळ्यात ते घर दरडीखाली गेलं. त्याचा फोटो कुणाकडेच नव्हता. होतं ते फ्लॉपीवरचं चित्र, आणि ते उघडायचं फक्त याच कॉम्प्युटरवर, माउसनंच.

"नवा माउस आणू या ना!" अमोघ म्हणाला.

"काकानं आणला होता. पिनच बसत नाही," आजोबा म्हणाले. "याला याच्याच जातीचा माउस लागतो, आणि तसे आता कुणी बनवत नाही."

"जाऊ द्या पोरांनो," तानुबाई म्हणाल्या. "घर गेलं, आता चित्र बी जाईल." आणि त्या पानं वाढायला वळल्या.

"असं कसं जाईल!" ज्ञानदानं खिडकीतून हाक मारली. "गोरख, पटकन ये!"

शेजारचा गोरख कुंपणावरून उडी मारून हजर झाला. आजोबांनी एक पत्र्याचा डबा पुढे केला. त्यात आधीचे दोन बंद पडलेले माउस होते. तिसरा टेबलावर होता. प्रत्येकावर चिकटपट्टी आणि आजोबांचं अक्षर : 'बंद, ऑक्टोबर ९६', 'बंद, ऑक्टोबर २०००', 'बंद, ऑक्टोबर २००३'.

"तिन्ही ऑक्टोबरातच?" ज्ञानदा थबकली. "ऑक्टोबरमध्ये असतं काय?"

"सहामाही परीक्षा!" अमोघ म्हणाला.

"तू बंद पडतोस परीक्षेत, माउस न्हाई!" गोरख हसला. "आधी उघड तर खरं!"

आजोबांनी कॉम्प्युटरची वायर काढली. ज्ञानदानं टेबलावरच्या माउसच्या पोटाची चकती फिरवली. रबरी गोळी टपकन हातात आली. मग स्क्रू काढून वरचं झाकण उचललं आणि तिघंही ओरडले, "लाल!"

गोळीनं फिरणाऱ्या दांड्या लाल, त्यांच्या टोकांची बारीक खाचांची चाकंही लाल!

"या खाचांमधून प्रकाश जातो," आजोबा वाकून म्हणाले. "त्यावरून बाण कुठं न्यायचा ते कळतं. खाचाच बुजल्या तर..."

ज्ञानदानं बोटानं तो लाल थर चोळून वास घेतला. "खोबरेल तेल! आणि कुंकू! आजोबा, ऑक्टोबरमध्ये दसरा असतो! खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. बटणांच्या फटीतून दरवर्षी थोडं थोडं कुंकू आत जात राहिलं!"

उरलेले दोन्ही उघडले. तीच लाली!

"हा घेऊ, किती पांढराशुभ्र आहे!" अमोघनं एक उचलला.

"रंग बघून बैल घेतोयस व्हय?" गोरख म्हणाला. "ह्याची वायर बघ, मधीच मोडलीय."

ज्ञानदानं उरलेल्या दोघांची बटणं कानाशी धरून दाबली. टेबलावरच्याचं बटण गप्प. ९६ सालचा पार पिवळा पडला होता, पण त्याचं बटण टकटक बोलत होतं आणि वायर धड होती. त्याच्या गोळीला मात्र तडा गेलेला.

"पिवळ्याचं शरीर आणि टेबलावरच्याची गोळी!" तिनं ठरवलं. "अमोघ, कापूस आण! आजोबा, स्पिरिट!"

"मी काकांना जेवत ठेवतो!" म्हणत गोरख आत पळाला.

"काका, अजून एक भाकर! न्हाई म्हनायचं न्हाई!"

"अरे, पाच झाल्या!"

"ताक तर कुटं घेतलंय अजून?"

इकडे काडीला कापूस गुंडाळून आजोबा आणि दोघं भावंडं एकेक खाच साफ करत होते. लाल, मग गुलाबी, शेवटी कापूस पांढराच राहिला. गोळी बसवली, झाकण लावलं, पिन खोचली. आजोबांनी फ्लॉपी घातली. ज्ञानदानं माउस सरकवला. बाण डावीकडे गेला, उजवीकडे गेला... वरही गेला!

"चालला!"

कौस्तुभकाका ढेकर देत आला. मागून तानुबाई आल्या. पडद्यावर वाकड्यातिकड्या रेषांचं, उतरत्या छपराचं घर उभं होतं.

कुंकवाची गोष्ट ऐकून तानुबाईंचा चेहरा पडला. "म्हंजी माज्याच हातानं? हेनं माजं घर काडलं, म्हनून मी त्येला तेलात कालवून लई कुंकू लावायची गं..."

"पुढच्या दसऱ्याला टेबलाला लावा, तानुबाई. माउसला नुसतं फूल!" ज्ञानदा म्हणाली.

"जन्मभर यंत्रं दुरुस्त केली," आजोबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तारखाही मीच लिहिल्या, पण त्या वाचल्या तुम्ही! शाबास रे तिघांनाही!"

तानुबाईंनी माउस हातात घेतला. बाणानं दारात एक ठिपका आणि दोन रेषा काढल्या.

"हितं आय हुबी ऱ्हायाची. त्या टायमाला काडायची ऱ्हायली व्हती." मग मागे वळून त्या म्हणाल्या, "कौस्तुभ, तू बी ल्हान असताना आला व्हतास की त्या घरी. तुला कुटं काडू?"

काका खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसला.

"ओट्यावर," तो म्हणाला. "तुमच्या आईच्या जवळ."